आरोग्य योजनांच्या व्यवस्थापनातील मेघ संगणन

आरोग्य योजनांच्या व्यवस्थापनातील मेघ संगणन म्हणजे आरोग्य विम्याची अथवा शासकीय आरोग्य हमी योजनेची दैनंदिन कामे संस्थेच्या स्वतःच्या संगणकांऐवजी आंतरजालावरून भाडेतत्त्वावर मिळणाऱ्या संगणकीय साधनांच्या आधारे चालविण्याची पद्धत होय. लाभार्थ्यांची नोंदणी, उपचारांची पूर्वमान्यता, रुग्णालयांच्या दाव्यांची छाननी, रकमेचे प्रदान आणि तक्रार निवारण ही त्यांतील प्रमुख कामे आहेत. भारतात आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि अमेरिकेत 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हे विमा विक्रीचे शासकीय संकेतस्थळ ही अशा मोठ्या योजनांची परिचित उदाहरणे होत. या योजनांत संगणकीय व्यवस्था ही केवळ कार्यालयीन सोय राहत नाही. रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या कुटुंबाला उपचार मिळणार की नाही, हे पुष्कळदा तिच्यावरच अवलंबून असते.

संज्ञा

इंग्रजीतील 'क्लाउड कॉम्प्युटिंग' या शब्दप्रयोगासाठी मराठीत 'मेघ संगणन' ही संज्ञा रूढ होत आहे. व्यवहारात मात्र 'क्लाउड' हाच शब्द चालतो. संगणक जाळ्यांच्या आकृत्या काढताना ज्या भागाचा तपशील दाखविण्याची गरज नसे, तेथे ढगाचे चित्र काढण्याचा प्रघात होता. त्यावरून हे नाव पडले. नाव काहीसे फसवे आहे. माहिती आकाशात कोठेही तरंगत नसते. ती विदा केंद्रे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, अखंड वीज आणि शीतकरणाची सोय असलेल्या इमारतींतील यंत्रांवर साठविलेली असते. भारत सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची राष्ट्रीय विदा केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे आहेत. खाजगी कंपन्यांपैकी मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथून, तर ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई येथून ही सेवा देण्यास प्रारंभ केला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली व्याख्या सामान्यतः प्रमाण मानली जाते. तीनुसार मेघ संगणनाची पाच लक्षणे आहेत : ग्राहकाला हवे तेव्हा स्वतःहून साधने घेता येणे, ती जाळ्यावरून कोठूनही वापरता येणे, अनेक ग्राहकांसाठी साधनांचा सामायिक साठा असणे, गरजेनुसार क्षमता झपाट्याने वाढविता अथवा घटविता येणे आणि वापराचे मोजमाप होणे. आरोग्य योजनांच्या दृष्टीने यांतील चौथे लक्षण सर्वांत महत्त्वाचे ठरले आहे.

सेवेचे तीन प्रकार सांगितले जातात. रिकामा गाळा भाड्याने घेणे, शेगडी व भांड्यांसह स्वयंपाकघर भाड्याने घेणे आणि खानावळीचा डबा लावणे यांत जो फरक आहे, तोच या तीन प्रकारांत आहे. पहिल्यात केवळ संगणक व साठवण मिळते, दुसऱ्यात आज्ञावली लिहिण्यासाठी लागणारी सर्व मांडणी मिळते आणि तिसऱ्यात थेट वापरण्याजोगी तयार आज्ञावली मिळते. लहान विमा संस्था बहुधा डबा लावतात. मोठ्या शासकीय योजनांना स्वतःचे नियम, स्वतःची उपचारांची यादी आणि स्वतःचे दर असल्याने त्यांना आपला स्वयंपाक आपणच करावा लागतो.

पूर्वपीठिका

राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना १ एप्रिल २००८ पासून लागू झाली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील पाच जणांपर्यंत वर्षाला ३०,००० रुपयांचे संरक्षण ती देत असे आणि कुटुंबाला नोंदणीसाठी ३० रुपये भरावे लागत. या योजनेची रचना आजच्या मेघ संगणनाच्या नेमकी उलट होती. कुटुंबाची माहिती, बोटांचे ठसे आणि शिल्लक रक्कम हे सर्व एका चिपयुक्त स्मार्ट कार्डावर साठविलेले असे. रुग्णालयातील यंत्र ते कार्ड वाची, रक्कम वजा करी आणि व्यवहाराची नोंद नंतर विमा कंपनीकडे पाठवी. त्या काळी ग्रामीण भागात आंतरजालाची जोडणी बेभरवशाची होती, हे ध्यानात घेता ही योजकता वाखाणण्यासारखी होती. तिचा तोटा असा, की कार्ड हरवले वा खराब झाले तर लाभार्थीच अडचणीत येई आणि देशभरात काय चालले आहे याचे चित्र मध्यवर्ती कार्यालयाला उशिराने दिसे.

याच सुमारास आंध्र प्रदेशातील आरोग्यश्री योजनेने (२००७) दुसरा मार्ग धरला. तेथे पूर्वमान्यतेपासून दाव्यापर्यंतचा सर्व व्यवहार एका मध्यवर्ती संकेतस्थळावरून होऊ लागला. महाराष्ट्रातील राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना याच धर्तीवर २ जुलै २०१२ रोजी गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर व मुंबई उपनगर या आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. प्रारंभी कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचे, तर मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांचे संरक्षण होते. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ते पाच लाखांपर्यंत वाढविण्यात आले.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा शुभारंभ झाला. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेच्या आधारे निवडलेल्या १० कोटींहून अधिक कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार देणारी ही योजना राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण चालविते. एका राज्यातील लाभार्थ्याने दुसऱ्या राज्यातील रुग्णालयात उपचार घेता यावेत, ही तिची एक मूळ अट आहे. बिहारमधील मजुराची नोंद मुंबईच्या रुग्णालयात तत्काळ दिसावयाची, तर ती दोन्ही ठिकाणांहून पोहोचता येईल अशा सामायिक साठ्यातच असावी लागते.

एका दाव्याचा प्रवास

व्यवस्थेचे स्वरूप समजण्यासाठी महाराष्ट्रातील योजनेतील एका रुग्णाचा मार्ग पाहणे सोयीचे होईल. रुग्ण अंगीकृत रुग्णालयात येतो, तेव्हा तेथील आरोग्यमित्र त्याची शिधापत्रिका व छायाचित्र असलेले ओळखपत्र तपासून ऑनलाइन नोंदणी करतो. डॉक्टरांनी निदान केल्यावर तपासण्यांचे अहवाल व प्रतिमा संकेतस्थळावर चढविल्या जातात आणि ठरावीक उपचारासाठी पूर्वमान्यता मागितली जाते. दूरच्या कार्यालयात बसलेला वैद्यकीय परीक्षक ती कागदपत्रे पाहून मान्यता देतो, शंका विचारतो किंवा नाकारतो. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून कळवून उपचार सुरू करण्याची तरतूद आहे. रुग्ण घरी गेल्यानंतर रुग्णालय दावा दाखल करते व छाननीनंतर रक्कम त्याच्या बँक खात्यात जमा होते.

या साखळीत मेघ संगणनाचा उपयोग चार ठिकाणी विशेष होतो. क्ष-किरण, सीटी स्कॅन यांसारख्या प्रतिमा जागा फार व्यापतात. त्यांची साठवण हव्या त्या प्रमाणात वाढविता येते. परीक्षक, रुग्णालय, विमा कंपनी आणि शासन हे सर्व एकच नोंद एकाच वेळी पाहू शकतात, त्यामुळे 'फाईल तिकडे पाठविली आहे' हे उत्तर निदान तांत्रिक कारणाने द्यावे लागत नाही. माहितीच्या प्रती दुसऱ्या शहरातील केंद्रातही राखता येतात. एका ठिकाणी पूर आला वा आग लागली तरी काम चालू राहू शकते. चौथा उपयोग गैरव्यवहार हुडकण्याचा. एकच रुग्ण एकाच दिवशी दोन रुग्णालयांत भरती आहे काय, एखाद्या रुग्णालयात एकाच शस्त्रक्रियेचे दावे अस्वाभाविकपणे वाढले आहेत काय, अशी पडताळणी लक्षावधी नोंदींवर काही मिनिटांत करता येते.

गर्दीचा प्रश्न

आरोग्य योजनांचे काम वर्षभर सारख्या गतीने चालत नाही. नोंदणीची मुदत संपताना अथवा नवी योजना जाहीर होताना एकदम झुंबड उडते. स्वतःचे सर्व्हर विकत घ्यावयाचे तर ते या झुंबडीच्या दिवसासाठी घ्यावे लागतात आणि उरलेले दिवस ते निम्म्याहून अधिक रिकामे राहतात.

या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. 'परवडणारी आरोग्यसेवा' कायद्यानुसार नागरिकांना विमा निवडता यावा म्हणून १ ऑक्टोबर २०१३ रोजी 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हे संकेतस्थळ खुले करण्यात आले. लक्षावधी लोक त्यावर आले आणि पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची विमा नोंदणी पूर्ण झाली. सर्वांत मोठा अडथळा खाते उघडण्याच्या पायरीवरच होता : केवळ योजना व त्यांचे हप्ते पाहू इच्छिणाऱ्यालाही आधी खाते काढावे लागे. त्यातच महिनाअखेरीस विदा केंद्रातील जाळ्याच्या बिघाडाने संकेतस्थळ काही काळ बंद पडले. पुढे बाहेरून आलेल्या अभियंत्यांच्या छोट्या गटाने प्रवेशाची व्यवस्था नव्याने लिहिली आणि ती ॲमेझॉनच्या मेघ सेवेवर चालविली.

या घटनेचा अर्थ 'मेघ सेवा नव्हती म्हणून संकेतस्थळ कोसळले' असा लावला जातो, तो अपुरा आहे. अनेक कंत्राटदारांत वाटले गेलेले काम, उशिरापर्यंत बदलत राहिलेल्या मागण्या आणि सर्व भाग जोडून पुरेशी चाचणी न घेताच केलेला प्रारंभ ही मूळ कारणे होती. वाढीव यंत्रे भाड्याने घेऊन चुकीची रांग सरळ होत नाही.

भारतात असा ताण कोविड लसीकरणाच्या 'कोविन' या मंचावर आला. तो विमा योजनेचा भाग नसला, तरी लाभार्थी नोंदणीची समस्या तीच होती. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता १८ ते ४४ वयोगटासाठी नोंदणी खुली झाली, तेव्हा प्रारंभी काही मिनिटे मंच अडखळला. पण त्या दिवसाअखेर सव्वा कोटींहून अधिक लोकांची नोंदणी झाली होती. मेघ सेवेवर उभारलेल्या मंचाला ते शक्य झाले. मात्र नोंदणी झालेल्यांना लसीकरणाची वेळ मिळेना, कारण लसीच पुरेशा नव्हत्या. भ्रमणध्वनीवर येणाऱ्या सांकेतिक अंकांची वाट पाहत रात्री जागविलेल्या घरोघरच्या तरुणांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता, ते तर या रांगेतही नव्हते.

नोंदींची विश्वासार्हता

संगणकीय व्यवस्था कितीही सक्षम असली, तरी तीत भरलेली माहिती खरी असल्याची हमी ती देत नाही. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेवरील अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये लोकसभेत मांडण्यात आला. त्यात आढळले, की ७,४९,८२० लाभार्थ्यांच्या नावापुढे ९९९९९९९९९९ हा एकच भ्रमणध्वनी क्रमांक नोंदविलेला होता. रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून कोणीतरी कळफलकावरील एकच कळ दहा वेळा दाबली, एवढाच त्याचा अर्थ असावा. आरोग्य मंत्रालयाने असे स्पष्ट केले, की लाभार्थ्याची पात्रता या क्रमांकावरून ठरत नाही. ते मान्य केले, तरी क्रमांक खोटा असल्यास आपल्या नावावर कोणता उपचार दाखविला गेला आणि किती रक्कम खर्ची पडली, याचा संदेश लाभार्थ्याला जाणार कसा, हा प्रश्न उरतोच. पाच लाखांची मर्यादा कुटुंबाची असते. एखाद्याच्या नावावर खोटा दावा मंजूर झाला, तर खऱ्या आजारपणात तेवढी रक्कम त्या कुटुंबाला कमी पडते.

त्याच अहवालात, आधीच्या उपचारादरम्यान मृत्यू झाल्याची नोंद असलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावे नंतरच्या उपचारांपोटी ६.९७ कोटी रुपये दिले गेल्याचे नमूद आहे. एका रुग्णालयातून सुटी मिळण्यापूर्वीच तोच रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात भरती झाल्याच्या नोंदीही लेखापरीक्षकांना सापडल्या. यावर प्राधिकरणाने दिलेला एक खुलासा उद्बोधक आहे. बाळंतपण एका रुग्णालयात झाले आणि नवजात बालकाला दुसऱ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात हलवावे लागले, तर बालकाची नोंद आईच्याच ओळख क्रमांकावर होते. मग यंत्राला आईच दोन ठिकाणी दिसते. म्हणजे गैरव्यवहार शोधणारा नियम आंधळेपणाने लावला, तर नेमके नवजात बालकाचे उपचार अडण्याचा धोका असतो. यंत्राने संशय घ्यावा आणि निर्णय माणसाने करावा, ही विभागणी याच कारणाने आवश्यक मानली जाते.

वैद्यकीय माहितीची गोपनीयता

हरवलेला परवलीचा शब्द बदलता येतो. आजाराचा इतिहास बदलता येत नाही. क्षयरोग, मानसोपचार, गर्भपात, एचआयव्ही यांसंबंधीची नोंद बाहेर पडली, तर नोकरी, विवाह आणि शेजार या तिन्हींवर तिचे परिणाम होऊ शकतात.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेडिबँक या आरोग्य विमा कंपनीच्या सुमारे ९७ लाख आजी-माजी ग्राहकांची माहिती चोरीस गेली. खंडणी देण्यास कंपनीने नकार दिल्यावर चोरट्यांनी काही ग्राहकांच्या दाव्यांचा तपशील, गर्भपाताशी संबंधित नोंदींसह, उघड केला. ऑस्ट्रेलियाच्या माहिती आयुक्तांच्या म्हणण्यानुसार एका कंत्राटदाराच्या कर्मचाऱ्याची प्रवेशाची ओळख चोरट्यांच्या हाती लागली होती आणि दुसऱ्या पायरीची पडताळणी लावलेली नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील चेंज हेल्थकेअर या दावे हाताळणाऱ्या कंपनीवर असाच हल्ला झाला. तेथेही प्रवेशद्वाराला दुसऱ्या पायरीची पडताळणी नव्हती, असे मूळ कंपनीच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेसमोर सांगितले. देशभरातील औषध दुकाने व दवाखाने यांचे विम्याचे पैसे त्या काळात अडकून पडले.

माहिती स्वतःच्या आवारात ठेवली म्हणजे ती सुरक्षित राहते, असेही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्व्हरवर हल्ला झाला, तेव्हा बाह्यरुग्ण नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतचे काम कित्येक दिवस हाताने लिहून करावे लागले.

मेघ सेवेत सुरक्षेची जबाबदारी विभागलेली असते. इमारत, यंत्रे व मूळ जाळे यांचे रक्षण सेवादाता करतो. कोणाला काय पाहता यावे, माहिती कूटबद्ध आहे की नाही, नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते बंद केले की नाही, हे योजना चालविणाऱ्या संस्थेनेच पाहावयाचे असते. भाड्याच्या घराची भिंत मालक बांधतो, पण दाराला कुलूप भाडेकरूच लावतो. प्रत्यक्षात बरेचसे अपघात या दुसऱ्या भागातच घडतात.

भारतात विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१५ च्या विनियमांनी विमा नोंदी भारतातील विदा केंद्रांतच ठेवणे बंधनकारक केले होते. शासकीय खात्यांसाठी २०१४ मध्ये 'मेघराज' हा राष्ट्रीय मेघ उपक्रम सुरू झाला. त्याखाली शासनाने तपासून सूचिबद्ध केलेल्या खाजगी सेवादात्यांच्या सेवाही खात्यांना घेता येतात. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला.

दाव्यांची देवाणघेवाण

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानात नागरिकाला 'आभा' हा १४ अंकी आरोग्य खाते क्रमांक दिला जातो. येथे सर्व वैद्यकीय नोंदी एका महाकाय साठ्यात ओतण्याचे टाळले आहे. नोंदी ज्या त्या रुग्णालयातच राहतात आणि रुग्णाने संमती दिल्यावर मागणाऱ्याला मिळतात. संमती हा या रचनेचा कणा असला, तरी वेदनेने कण्हणारा रुग्ण किंवा त्याचे घाबरलेले नातेवाईक ती कितपत वाचून देतात, याविषयी साशंक राहणेच रास्त होय.

याच मालिकेत राष्ट्रीय आरोग्य दावे विनिमय मंच उभा राहिला आहे. आजवर प्रत्येक विमा कंपनीचे अर्ज व संकेतस्थळ वेगळे असल्याने रुग्णालयातील कारकुनास तीच माहिती पुनःपुन्हा भरावी लागत असे. या मंचावर सर्वांनी एकाच ठरावीक नमुन्यात माहिती पाठवावी, अशी कल्पना आहे. मे २०२४ मध्ये विमा नियामकाने कॅशलेस उपचाराच्या विनंतीवर एका तासात आणि घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले. डॉक्टरांनी सकाळी सुटी दिलेला रुग्ण मंजुरीअभावी सायंकाळपर्यंत खाटेवर बसून राहतो आणि ती खाट दुसऱ्या रुग्णास मिळत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. कागद पोहोचण्यास लागणारा वेळ मेघ संगणनाने जवळजवळ शून्यावर येतो. तो वाचण्यास वैद्यकीय परीक्षक पुरेसे आहेत की नाहीत, हा मनुष्यबळाचा प्रश्न आहे.

खर्च व परावलंबन

मेघ सेवेत आरंभीची मोठी गुंतवणूक टळते. त्याऐवजी वीजबिलासारखे मासिक देयक येते. दिवा लावून विसरल्यास जसे बिल वाढते, तसेच काम संपल्यावरही चालू ठेवलेल्या यंत्रांचे होते. शासकीय अंदाजपत्रकात यंत्रखरेदीची रक्कम आधी निश्चित करण्याची सवय असल्याने असे बदलते देयक बसविणे लेखा विभागांना अवघड जाते. दुसरी अडचण परावलंबनाची. एका कंपनीच्या खास साधनांवर व्यवस्था बांधली, की ती दुसरीकडे नेणे खर्चिक होते. साठविलेली माहिती बाहेर काढण्यासाठीही अनेक सेवादाते शुल्क आकारतात. म्हणून करार करतानाच माहिती कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत परत मिळेल, हे लिहून घेण्याची शिफारस तज्ज्ञ करतात.

सर्व व्यवहार जाळ्यावर गेल्याने जेथे जाळे नाही तेथील माणसाचे काय, हा प्रश्न स्मार्ट कार्डाच्या काळापेक्षा आज अधिक तीव्र झाला आहे. डोंगराळ व आदिवासी भागांत जोडणी तुटणे, मोलमजुरीने झिजलेल्या बोटांचे ठसे न जुळणे, शिधापत्रिकेवरील व आधारवरील नावाच्या लेखनात फरक असणे अशा कारणांनी पात्र लाभार्थीही अडतो. महाराष्ट्रातील नावांत आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव की पतीचे, 'बाई' किंवा 'राव' जोडलेले की नाही, एवढ्या फरकानेही यंत्राला ती दोन वेगळी माणसे वाटतात. अशा वेळी कागदपत्रे पाहून अडचण सोडविण्याचा पहिला मार्ग आजही रुग्णालयातील आरोग्यमित्र आणि योजनेचा टोल-फ्री दूरध्वनी हाच आहे.